सायलेन्सर बदलला, आता पासिंगचं काय?

सायलेन्सर बदलला तर गाडी पासिंगला अडकेल का, असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "आवाज लिमिटमध्ये असेल तर काही होत नाही". हे अर्धंच खरं आहे. आवाज लिमिटमध्ये हवाच, पण तो कुठल्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), किती अंतरावरून आणि मुख्य म्हणजे कुठल्या गाडीवर मोजला हे सगळं त्या एका आकड्याला चिकटलेलं असतं, आणि म्हणूनच एका बाईकवर पूर्ण कायदेशीर असलेला सायलेन्सर दुसरीवर चढवला की बेकायदेशीर ठरू शकतो. ऐकायला कागदी अडवणूक वाटते, पण यामागे चक्क फिजिक्स आहे.

आधी आवाज येतो कुठून ते बघू. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) दोनदा फिरला की एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदा उघडतो, आणि उघडतो तेव्हा आतला गॅस अजून चांगलाच दाबाखाली असतो, त्यामुळे तो सावकाश वाहत बाहेर येत नाही, धाडकन सुटतो. सिंगल सिलिंडर बाईक ६००० आरपीएमला फिरत असेल तर मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५० धडाके, आणि तेवढ्याच आरपीएमला चार सिलिंडरवाली सेकंदाला २०० धडाके देते. म्हणजे दोघींचा मूळ सूरच वेगळा, ५० हर्ट्झ आणि २०० हर्ट्झ (वरच्या पट्टीतले त्याचे भाऊबंद असतातच, पण पाया हा).

आता कंपनीच्या सायलेन्सरच्या पोटात कप्पे असतात. बारीक नळीतून आलेली आवाजाची लाट कप्प्यात शिरली की जागा एकदम मोठी होते, त्यामुळे लाटेचा काही भाग उलटा परततो आणि मागून येणाऱ्या लाटेला खोडतो. कप्प्याची लांबी लाटेच्या लांबीच्या पाव असेल तर हे सगळ्यात भारी जमतं, आणि अर्धी असेल तर तीच फ्रिक्वेन्सी काही घडलंच नाही अशी आरपार निघून जाते. साध्या हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, सायलेन्सरमधल्या गरम गॅसमध्ये तो ५०० च्या आसपास पळतो, म्हणजे २०० हर्ट्झची लाट अडीच मीटरची, तिचा पाव साधारण ६२ सेंटीमीटर, हे बाईकवर बसू शकतं. ५० हर्ट्झची लाट मात्र १० मीटरची, पाव भाग अडीच मीटर, एवढा डबा लावला तर मागून येणाऱ्याच्या पुढच्या चाकात जाईल. म्हणून सिंगलचा तो जाड धडधडाट दाबायला एकाआड एक कप्पे आणि त्यांना जोडणाऱ्या छोट्या नळ्या अशी रचना करतात, जी एका ठरावीक खालच्या सुराला आत अडकवून ठेवते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर एकच सूर निघतो ना, तेच तत्त्व उलट वापरलेलं. थोडक्यात, सायलेन्सर त्याच्या इंजिनाच्या मापाने शिवलेला असतो.

बाजारातले बरेचसे स्लिप-ऑन, म्हणजे मूळ पाइप तसाच ठेवून फक्त शेवटचा डबा बदलायचे सायलेन्सर, वेगळ्या जातीचे असतात. आत सरळ भोकाभोकांची नळी, तिच्याभोवती ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची लोकर) भरलेलं, संपला विषय. वूल वरच्या फ्रिक्वेन्सी छान खातं, खालच्यांवर त्याचा फारसा जोर चालत नाही. शिवाय ते उष्णतेने हळूहळू जळतं, धाग्याधाग्याने उडून जातं, त्यामुळे नवा असताना आरामात पास झालेला पाइप काही वर्षांनी त्याच टेस्टला नापास होऊ शकतो, नट-बोल्टसुद्धा न हलवता. जुना पाइप घेताना मंजुरीचा शिक्का सगळे बघतात, वूल कुणी बघत नाही!

शिक्क्याचं बोलूया. वाहनांच्या नियमांबाबत १९५८ साली जिनिव्हात एक आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याखालचा नियम क्रमांक ४१ मोटारसायकलच्या आवाजाचा आहे आणि क्रमांक ९२ बदली सायलेन्सरचा. मंजुरी मिळालेल्या डब्यावर गोलात इंग्रजी ई आणि एक नंबर असतो, १ म्हणजे जर्मनी, ३ इटली, ४ नेदरलँड्स. हा नंबर मंजुरी देणाऱ्या देशाचा, पाइप तिथे बनला असा त्याचा अर्थ नाही. आणि ई दिसला की सगळीकडे चालतो हाही गैरसमजच, कारण पहिलं म्हणजे तुमच्या देशाने तो नियम मान्य केलेला हवा, आणि दुसरं म्हणजे मंजुरी सायलेन्सर आणि बाईकचं मॉडेल या जोडीला असते. मघाशी पाव लाटेचा हिशोब केला तो इथे कामाला येतो, चार सिलिंडरच्या सुराला दाबणारा डबा सिंगलवर लावला तर तो दाबेलच याची काही गॅरंटी नाही.

उभ्या गाडीची टेस्ट ऐकायला सोपी आहे. माइक पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, तोंडाच्याच उंचीला (पण जमिनीपासून किमान २० सेंटीमीटर), आणि गॅसच्या झोताच्या दिशेपासून ४५ अंश बाजूला, म्हणजे गरम झोत थेट माइकवर आदळत नाही. इंजिन ज्या आरपीएमला जास्तीत जास्त पॉवर देतं तो आकडा ५००० च्या वर असेल तर त्याच्या निम्म्यावर धरायचं, ५००० किंवा कमी असेल तर ७५ टक्क्यांवर. म्हणजे ९००० वाल्या बाईकला ४५०० आणि ४८०० वालीला ३६००. तिथे आरपीएम स्थिर धरून थ्रॉटल झटकन सोडायचा, आणि सोडतानाचा आवाजही मोजला जातो, जिथे लीक असलेले पाइप फटाके फोडतात आणि वाट लागते. आलेला आकडा त्या मॉडेलच्या नोंदवलेल्या आकड्याशी ताडतात. पार्किंगमध्ये आयडलवर गाडी ठेवून मोबाइल ॲपने घेतलेलं रीडिंग म्हणूनच निरुपयोगी, फोनचा माइक मोठा आवाज स्वतःच दाबून घेतो ते वेगळंच.

समजा या टेस्टला अर्ध्या मीटरवर ९४ डेसिबल आले, तर आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत साधारण ६ डेसिबल कमी होतात, तेव्हा साडेसात मीटरवर तेच सत्तरच्या आसपास येतात. धावत्या गाडीची टेस्ट याच साडेसात मीटरवरून होते, नवीन मॉडेलच्या मंजुरीच्या वेळी, आणि नियम ४१ च्या चौथ्या सुधारणेत वजनाच्या मानाने जास्त ताकदीच्या बाईकसाठी ७७ डेसिबल तर सगळ्यात कमी ताकदीच्यांसाठी ७३ अशी मर्यादा आहे. फरक चारचाच वाटतो पण स्केल लॉगरिदमिक आहे, ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते.

मला सगळ्यात मजेशीर वाटतो तो आवाज मोजणाऱ्या मीटरचा कान. मीटर माणसाच्या कानासारखं ऐकावं म्हणून त्याला ए-वेटिंग नावाचा फिल्टर लावतात, जो १००० हर्ट्झला काहीच कापत नाही, १०० ला १९ डेसिबल कापतो आणि ५० ला तब्बल ३०. म्हणून काही जाड आवाजाच्या बाईक खिडक्या हलवतात तरी मीटरवर पास होतात, आणि तितक्या त्रासदायक न वाटणारी एखादी तीक्ष्ण आवाजाची बाईक नापास होते. शेजाऱ्यांना हे पटवून देणं अवघड आहे, आणि माझ्या मते त्यांची तक्रार बरोबरच आहे, हा फिल्टर धडधडाटाला जरा जास्तच माफ करतो.

टेस्टच्या टप्प्यात शांत आणि पुढे मोकळा, असा जुगाडही शक्य असतो, पाइपमधला फ्लॅप (झडप) ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, किंवा बटण सांगेल तसा उघडतो-मिटतो. म्हणून त्याच चौथ्या सुधारणेत टेस्टच्या बाहेरच्या स्पीड आणि आरपीएमलाही आवाजाची अट घातली, आणि मोड बदलता येत असतील तर प्रत्येक मोड पास व्हायला हवा. डीबी किलरचंही तसंच, म्हणजे आवाज कमी करायला पाइपच्या तोंडात बसवतात त्या तुकड्याचं. पूर्वी तो एका बोल्टवर असायचा, पासिंगला लावायचा, घरी येऊन काढायचा. आता नियमाची अपेक्षा अशी की असा भाग सहज निघू नये, आणि जबरदस्तीने काढलाच तर सायलेन्सर कायमचा खराब व्हावा. ड्रिलने रिव्हेट उडवल्याच्या खुणा तपासणाऱ्याला लांबून दिसतात.

आणि समजा आवाजात पास झालात, तरी धूर उरतोच. फुल सिस्टम, म्हणजे इंजिनापासूनचा सगळा पाइप, लावताना बऱ्याचदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट) निघून जातो, तो मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर दिलेला भाग, जो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड तिन्ही एकदम सांभाळतो. पण हे तिन्ही एकत्र जमतात ते हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ असेल तरच, आणि ते प्रमाण राखायला पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला सतत निरोप देत असतो. त्या सेन्सरच्या आधी जॉइंट जरा जरी गळका राहिला तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि कॅट शाबूत असूनही गाडी धुरात नापास होऊ शकते. पाइप बदलल्यावर आधी जॉइंटचं गॅस्केट नवीन टाका, मग बाकीचं. कॅट मात्र गरम झाल्यावरच काम करतो, साधारण २५० ते ३०० अंशांना, म्हणून तपासणीला थंड इंजिनाने जाऊ नका, थोडी चालवूनच न्या.