इंडोहायस

इंडोहायस ही इओसीन काळातील समखुरी (पायाला सम संख्येने खूर असलेल्या) सस्तन प्राण्यांची एक निर्वंश झालेली प्रजाती. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचे तिचे जीवाश्म जम्मू-काश्मीरमधील राजौरी जिल्ह्यात, कालाकोट परिसरात सापडले. राओएलिडी या कुळात तिचा समावेश होतो. मांजराएवढा देह, सडपातळ पाय आणि बोटांना लहान खूर. सह्याद्रीच्या जंगलात दिसणारी पिसोरी डोळ्यांसमोर आणली की अंगलोटाची बरीचशी कल्पना येते, मात्र इंडोहायसची शेपटी लांब होती.

भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी १९७१ मध्ये दात व जबड्याच्या अवशेषांवरून या प्रजातीचे वर्णन केले. त्यांनी जमवलेले बरेच खडक मात्र न फोडताच राहिले. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते अमेरिकेतील पुराजीवशास्त्रज्ञ हान्स थेविसेन यांच्याकडे सोपवले. प्रयोगशाळेत खडकातून कवटी सोडवताना तंत्रज्ञाच्या हातून कानाचे हाड तुटले आणि आतला भाग उघडा पडला. मधल्या कानाभोवतीच्या या हाडाची आतली भिंत चांगलीच जाड, तर बाहेरची पातळ होती. अशी ठेवण तोवर केवळ देवमासे, डॉल्फिन आणि त्यांच्या पूर्वजांचीच खूण मानली जात होती. थेविसेन यांनी सुनील बाजपेयी, ब्रह्मानंद तिवारी व इतर सहकाऱ्यांसह हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध केले.

पायांची हाडेही बोलकी आहेत. त्यांचे कवच जाड व आतली पोकळी अरुंद असल्याने शरीराला वजन येई आणि उथळ पाण्यात तळाशी चालणे सोपे जाई. दातांमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरूनही (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरूनही) पाण्यातील वावर दिसतो. खाणे मुख्यतः वनस्पतींचे असावे. आफ्रिकेतील पाणपिसोरी आजही धोका दिसताच पाण्यात बुडी मारते. इंडोहायसही तसेच करत असावा, हा थेविसेन यांचा तर्क पटण्यासारखा आहे. तसे असेल तर देवमाशांचे पूर्वज मासे धरायला नव्हे, तर जीव वाचवायला प्रथम पाण्यात उतरले.

इंडोहायसला देवमाशांचा थेट पूर्वज म्हणणे मात्र चूक ठरेल. पाकिस्तानात सापडलेला आद्य देवमासा पाकिसेटस सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे कालाकोटच्या अवशेषांहून किंचित जुना आहे. त्यामुळे राओएलिडी हे देवमाशांचे भगिनीकुल, म्हणजे एकाच पूर्वजापासून निघालेले सर्वांत जवळचे कुळ, मानतात. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशांना सर्वांत जवळचा पाणघोडा, हे जनुकीय अभ्यासातून दिसते.