काउइचन स्वेटर: सुया येण्याआधीचं सूत

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला व्हँकूव्हर बेट आहे. त्याच्या आग्नेय भागात, डंकन गावाच्या आसपास काउइचन नदीचं खोरं पसरलं आहे. या खोऱ्यात एक जाडजूड स्वेटर हातानं विणला जातो. रंग पांढरट, करडा आणि काळपट तपकिरी, म्हणजे मेंढीच्या अंगावर असतात तेच. छातीवर गरुड, देवमासा किंवा हरीण, वर-खाली भौमितिक पट्टे आणि खांद्यांवर उलटणारी रुंद कॉलर. या स्वेटरची गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगितली जाते: युरोपीय लोक आले, त्यांनी इथल्या मूळ रहिवाशांच्या बायकांना सुयांवर विणायला शिकवलं, आणि त्या बायकांनी त्यातून नाव काढलं. ही गोष्ट खोटी नाही, पण ती अर्ध्यातून सुरू होते. सुया आल्या तेव्हा लोकर पिंजून कातण्यात या बायका आधीच तरबेज होत्या, आणि ते कसब युरोपातून आलेलं नव्हतं. या स्वेटरचं वेगळेपण नक्षीपेक्षा सुतात जास्त आहे, असं मला ठामपणे वाटतं. स्वतः सूत कातून त्याचंच काही विणायला शिकणाऱ्या आजच्या माणसाला तर या इतिहासाचा आधीचा अर्धा भाग फार मोलाचा आहे.

काउइचन हे कोस्ट सेलिश नावाच्या मोठ्या समूहातले लोक. व्हँकूव्हर बेटाचा हा भाग, समोरचा मुख्य भूमीचा किनारा आणि दक्षिणेला आजच्या अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य, इथे त्यांची वस्ती. मेंढी या प्रदेशात नव्हती. लोकर दोन ठिकाणांहून यायची. पहिली डोंगरी बकरीची. ही बकरी उंच कड्यांवर राहते. शिकारीत मिळालेल्या कातड्यावरची लोकर उपटून घेत, शिवाय उन्हाळ्यात बकऱ्या केस गाळतात तेव्हा झुडपांना अडकलेले पुंजके गोळा करत. दुसरी लोकर कुत्र्याची. त्यासाठी पांढऱ्या, दाट केसांची लहानशी कुत्री मुद्दाम पाळली जात. इतर कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून त्यांना छोट्या बेटांवर वेगळं ठेवत, सॅमन मासा खाऊ घालत आणि मेंढीसारखी त्यांची लोकर कातरत. १७९२ साली जॉर्ज व्हँकूव्हर हा ब्रिटिश दर्यावर्दी इथे आला, तेव्हा त्यानं ही कातरलेली कुत्री पाहून लिहून ठेवलं की त्यांची लोकर इतकी घट्ट बसलेली असते की एका कोपऱ्याला धरून मोठा तुकडा सबंध उचलता येतो. कुत्र्याच्या लोकरीची ही हकीकत काही अभ्यासकांना बराच काळ शंकास्पद वाटत होती. २०११ साली संग्रहालयांतल्या जुन्या पांघरुणांच्या प्रथिनांची तपासणी झाली आणि काहींमध्ये कुत्र्याचे केस खरोखरच सापडले, बहुधा बकरीच्या लोकरीत मिसळलेले.

लोकरीत कधी पाणवनस्पतींचा कापूस आणि पक्ष्यांची पिसंही मिसळत. तेलकटपणा जावा म्हणून एक पांढरी, भुसभुशीत माती भाजून लोकरीत घालत आणि लाकडी पट्टीनं झोडपत. मग मांडीवर वळून सैल, जाड वात तयार करत आणि ती चातीवर कातत.

ही चाती नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडची टकळी डोळ्यांसमोर आणा: बारीक तार, खाली पितळेची लहानशी चकती, चिमटीनं पीळ दिला की गरगर फिरते. कापसाचे तंतू आखूड, दोन-तीन सेंटिमीटरचे. ते एकमेकांना धरून राहायचे तर पीळ भरपूर लागतो, आणि तेवढा पीळ द्यायला हलकी, वेगानं फिरणारी टकळीच हवी. कोस्ट सेलिश चाती याच्या अगदी उलट टोकाला. दांडा जवळजवळ मीटरभर किंवा त्याहूनही लांब. त्यावर मेपलच्या लाकडाची वीसेक सेंटिमीटर रुंदीची चकती, तिच्या दर्शनी बाजूवर माणसं, पक्षी, मासे कोरलेले. लोकरीची वात वरच्या आडव्या दांड्यावरून किंवा कड्यातून ओढून घेत, म्हणजे तिला ताण राहतो, आणि दोन्ही हातांनी चाती उसळवत फिरवत. रुंद चकतीचं वजन मध्यापासून लांब असतं, त्यामुळे ती सावकाश फिरते पण फिरत राहते. त्यातून निघतं ते जाड, कमी पिळाचं सूत. लोकरीला एवढा पीळ पुरतो, कारण तिचा तंतू लांब असतो आणि त्याच्या पृष्ठभागावरचे बारीक खवले शेजारच्या तंतूत अडकतात. नव्यानं कातायला शिकणारे बहुतेक जण सूत तुटेल या भीतीनं पीळ वाढवत नेतात आणि मग त्यांचं विणकाम एका बाजूला तिरकं ओढलं जातं. एकपदरी जाड सुताला किती कमी पीळ पुरतो, हे या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

या सुताची पांघरुणं दोन आडव्या दांड्यांच्या मागावर विणली जात. पांघरूण म्हणजे संपत्ती. लग्न, नामकरण, मृत्यू अशा प्रसंगी भरणाऱ्या ‘पॉटलॅच’ समारंभात ती वाटली जात, आणि जो जास्त वाटेल त्याचा मान मोठा. कातणारी, विणणारी बाई घरात असणं ही कुटुंबाची प्रतिष्ठा होती.

एकोणिसाव्या शतकात हे सगळं फार लवकर मोडलं. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीनं १८२७ साली फोर्ट लँग्ली आणि १८४३ साली फोर्ट व्हिक्टोरिया ही ठाणी उभारली. या कंपनीची गिरणीतली ब्लँकेटं फरच्या बदल्यात मिळू लागली आणि महिनोन्‌महिने खपून विणलेल्या पांघरुणाची जागा घेऊ लागली. १८६२ साली देवीची साथ आली आणि किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पडली. १८८५ पासून कॅनडा सरकारनं पॉटलॅचवर कायद्यानं बंदी घातली, ती १९५१ पर्यंत टिकली. ज्या समारंभासाठी पांघरुणं विणायची तोच गुन्हा ठरला. लोकरीची कुत्रीही नाहीशी झाली. त्यांतल्या एकाचं कातडं मात्र उरलं आहे. जॉर्ज गिब्स या अमेरिकी अभ्यासकाचा ‘मटन’ नावाचा कुत्रा १८५९ साली मेला, त्याचं कातडं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत जपलेलं आहे. त्याच्या जनुकांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. युरोपीय येण्याआधी हजारो वर्षं हा वाण वेगळा राखला गेला होता, असं त्यातून दिसलं. त्याच अभ्यासासाठी कोस्ट सेलिश ज्येष्ठांशीही बोलणं झालं. स्वस्त ब्लँकेटं आली म्हणून लोकांनी कुत्री सोडून दिली, हे स्पष्टीकरण त्यांना पुरेसं वाटत नाही. वसाहतीच्या काळात आलेल्या दडपणांनी ती सोडायला लावली, असं ते सांगतात. मला त्यांचं म्हणणं पटतं. इतक्या जपणुकीनं राखलेला प्राणी केवळ बाजारभावाकडे बघून कोणी टाकून देत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसाहतवाल्यांबरोबर मेंढ्या बेटावर आल्या. कातणाऱ्या बायकांना नवी लोकर मिळाली, तीही मुबलक. १८५८ साली सेंट अ‍ॅन पंथाच्या नन्स क्विबेकहून व्हिक्टोरियाला पोचल्या आणि १८६४ मध्ये काउइचन खोऱ्यात त्यांची शाळा सुरू झाली. तिथे मुलींना सुयांवर मोजे, हातमोजे विणायला शिकवलं जाई. १८८५ च्या सुमारास स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरून आलेली जेरिमिना कॉल्विन ही बाई या खोऱ्यात स्थायिक झाली. शेटलंडची, एका ओळीत दोन रंगांचं सूत खेळवून नक्षी काढण्याची पद्धत तिच्याकडून इथल्या बायकांकडे गेली, असं सांगतात. एकट्या बाईला सगळं श्रेय देणं मला बरोबर वाटत नाही. शेजारणीच्या हातातलं बघून, उसवून, पुन्हा घालून शिकणाऱ्या बायकांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, एवढाच याचा अर्थ.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वेटरनं आकार घेतला, आणि तो शेटलंडच्या स्वेटरसारखा नव्हता. शेटलंडचं सूत बारीक, दोनपदरी. इथलं जाड आणि एकपदरी. दोन्ही टोकांना अणकुचीदार अशा अनेक सुया गोलाकार लावून अंग सलग विणायचं, खांदे जोडायचे, मग खांद्याकडचे टाके उचलून बाही खाली मनगटापर्यंत विणत न्यायची. कुठेही तुकडे शिवून जोडायचे नाहीत. नक्षीत जो रंग त्या वेळी वापरात नसेल तो मागच्या बाजूनं टाक्याटाक्यात गुंतवत न्यायचा, म्हणजे आत लोंबते फेरे राहत नाहीत आणि कापड दुप्पट जाड होतं. लोकर बेताचीच धुवायची, त्यामुळे मेंढीच्या अंगचं तेल, म्हणजे लॅनोलिन, सुतात राहतं आणि पावसाचं पाणी सहज आत शिरत नाही. कोळी, लाकूडतोडे, शिकारी यांनी हा स्वेटर उचलला तो या गुणासाठी. टोपल्यांवरच्या जुन्या नक्ष्या, आपल्या कुटुंबाची म्हणून ओळखली जाणारी चिन्हं, अगदी दुकानात दिसलेली एखादी आकृतीसुद्धा, बायका मनानं मोजून विणत. कागदावर आराखडा नसे.

कातण्याची अवजारंही बदलली. घरोघरी पायानं चालवायची शिवणयंत्रं आली होती. त्यांचा पायटा आणि चाक घेऊन त्यावर चाती बसवायची, सूत आत ओढलं जाण्याचं भोक मात्र चांगलं रुंद ठेवायचं, अशी युक्ती निघाली. युरोपीय चरख्याचं भोक बारीक सुतासाठी असतं, जाड वात त्यात अडकते. हा घरगुती चरखा जुन्या रुंद चातीचंच काम करत होता, फक्त वेगानं. पुढे जाड सूत कातण्यासाठी असे चरखे बाहेरच्या जगातही विकले जाऊ लागले.

एका स्वेटरमागे कामं किती, हे बघा. लोकर आणायची, निवडायची, धुवायची, वाळवायची, बोटांनी मोकळी करायची, पिंजायची, वाती काढायच्या, कातायची. एवढं झाल्यावर पहिला टाका पडतो. विणणं हा त्यातला शेवटचा आणि बाहेरच्याला दिसणारा टप्पा. विकत घेणारे दुकानदार भाव द्यायचे तो नगावर. कधी रोख, कधी किराण्याच्या बदल्यात, कधी पुढच्या स्वेटरच्या लोकरीच्या बदल्यात. कातण्याची मजुरी या भावात धरलेलीच नसे. मासे डबाबंद करण्याचे कारखाने आणि बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सची शेतं इथलं मोसमी काम कमी होत गेलं, नदीतल्या मासेमारीवर सरकारी बंधनं आली, तसतसं अनेक घरांत स्वेटरवरच चूल पेटू लागली. पडेल भावाला विकण्याशिवाय इलाज नसे. आया आणि आज्या रात्री कातत, मुलं लोकर मोकळी करत, असं त्या काळाबद्दल सांगितलं जातं. पर्यटकांच्या दुकानात मात्र तोच स्वेटर बऱ्याच चढ्या किमतीला मिळे.

मग नकला आल्या. १९५० च्या दशकात मेरी मॅक्सिम या कॅनेडियन कंपनीनं गिरणीत कातलेलं जाड सूत आणि प्राणी-पक्ष्यांच्या नक्षीचे छापील आराखडे विकायला सुरुवात केली. घरोघरच्या बायकांनी ते हौसेनं विणले आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पण त्यामुळे ‘काउइचन’ हे एका नक्षीचं नाव असल्यासारखं झालं. पुढे अमेरिकेत आणि जपानमध्येही त्या धर्तीचे यंत्रावरचे स्वेटर निघाले. १९९० च्या दशकात काउइचन जमातीनं कॅनडात ‘काउइचन’ हे प्रमाणचिन्ह नोंदवलं. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत: विणणारी व्यक्ती कोस्ट सेलिश समाजाची हवी, वस्त्र पारंपरिक पद्धतीनं हातानं एकसंध विणलेलं हवं, आणि लोकर कच्ची, न रंगवलेली, हातानं कातलेली हवी. नक्षी कोणती असावी याबद्दल अट नाही. आपलं काय आहे हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये हडसन्स बे कंपनीनं व्हँकूव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकसाठी कपडे जाहीर केले. त्यात एक स्वेटर होता, काउइचनशी उघड साम्य असलेला, पण त्या विणकरणींनी न केलेला. याच कंपनीच्या ब्लँकेटांनी दीडशे वर्षांपूर्वी हातच्या पांघरुणांची जागा घेतली होती, हे तिथे कोणाला आठवून द्यावं लागलं नाही. काउइचन जमातीनं जाहीर विरोध केला, मोर्चाची तयारी झाली, आणि मग तडजोड निघाली: ऑलिंपिकच्या काळात कंपनीच्या व्हँकूव्हरमधल्या मोठ्या दुकानात अस्सल काउइचन स्वेटरही विकायला ठेवायचे. २०११ साली कॅनडा सरकारनं कोस्ट सेलिश विणकरणी आणि काउइचन स्वेटर यांना राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचा दर्जा दिला.

मागावरची जुनी कलाही पुरती मेली नाही. १९६० च्या दशकापासून फ्रेझर नदीच्या खोऱ्यात आणि नंतर व्हँकूव्हर शहरातल्या मस्क्वीअम या कोस्ट सेलिश वस्तीत बायकांनी ती पुन्हा शिकून घेतली. मस्क्वीअमच्याच शिल्पकार सुझन पॉइंट यांनी देवदारी लाकडात कोरलेली, सुमारे पाच मीटर व्यासाची चातीची चकती व्हँकूव्हर विमानतळावर परदेशी प्रवाशांच्या वाटेवर लावलेली आहे. त्या वाटेनं कॅनडात उतरणाऱ्या मराठी माणसांनी ती पाहिलेली असेल. ती कातण्याच्या अवजाराची प्रतिकृती आहे, हे तिथून घाईनं जाताना लक्षात येईलच असं नाही.

काउइचन खोऱ्यात आज विणणाऱ्यांपेक्षा कातणारे कमी आहेत. अनेकजणी यंत्रावर पिंजलेल्या तयार वाती घेतात आणि त्या हलका पीळ देऊन किंवा तशाच वापरतात. अस्सल स्वेटर ओळखायचा तर तो आधी उलटा करून पाहावा. कडेला शिवण नसते, मागे लोंबते धागे नसतात. सूत एकपदरी असतं आणि त्याची जाडी जागोजागी थोडी बदलते, कारण ते हातानं निघालेलं असतं. हाताला किंचित तेलकट लागतं आणि ओल्या हवेत मेंढीचा वास येतो. किंमत बरीच असते. ती देताना लोकर धुण्यापासून कातण्यापर्यंतचे दिवस त्यात धरले आहेत का आणि ते पैसे कातणारीकडे पोचतात का, हे विक्रेत्याला विचारायला काहीच हरकत नाही. शक्य असेल तर थेट विणणारीकडूनच घ्यावा.