स्कोलेसाइटच्या सुया आणि ॲसिडची बाटली

दख्खनच्या लाव्ह्यात अडकलेले वायूचे बुडबुडे निघून गेले, पोकळ्या उरल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइट, म्हणजे सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची पाणीदार खनिजे, वाढवली. नाशिक परिसरातल्या खाणींत मिळणारे स्कोलेसाइटचे पांढरे, पंख्यासारखे पसरलेले झुबके त्यांतलेच.

सुईचा आकार येतो तो आतल्या रचनेतून. सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या चौफलकांच्या साखळ्या स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने जातात, साखळ्यांमधली पकड मात्र तुलनेने कमी. त्यामुळे मोह्‌स मापावर कठिणता ५ ते ५.५ असूनही बारीक सुई आडव्या धक्क्याने कट्‌कन तुटते. ती पुन्हा चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये; गोंदाचा डाग तुटक्या टोकापेक्षा वाईट दिसतो.

नेट्रोलाइट, मेसोलाइट आणि स्कोलेसाइट हे तिघे सख्खे भाऊ. पहिल्यात सोडियम, तिसऱ्यात कॅल्शियम, मेसोलाइटमध्ये दोन्ही. जाडसर स्कोलेसाइटच्या टोकाशी भिंगातून जुळ्या स्फटिकाच्या व्ही आकाराच्या रेषा दिसल्या तर ओळख सोपी होते. केसासारख्या सुयांवर नुसत्या नजरेने नाव ठोकणे हा अंदाजच. एक्स-रे विवर्तन, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखण्याची चाचणी, होईपर्यंत चिठ्ठीवर ‘स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट’ असेच लिहावे. गाव आणि खाण मात्र लगेच नोंदवावी, ती माहिती कुठलेही यंत्र नंतर नेमकी सांगू शकत नाही.

सगळ्यात जास्त नमुने बिघडतात ते साफसफाईत. सुयांवर कॅल्साइटचा (ॲसिडमध्ये विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचा) थर दिसला की हात हायड्रोक्लोरिक ॲसिडकडे जातो. स्टिल्बाइट या दुसऱ्या झिओलाइटला सौम्य ॲसिड थोडा वेळ सोसते म्हणून तोच उपाय इथे करतात, आणि फसतात. ॲसिड या तिघांच्या सांगाड्यातले ॲल्युमिनियम ओढून काढते, उरलेल्या सिलिकाची जेली होते. चमक गेली की गेलीच. त्यापेक्षा कॅल्साइट राहू द्यावे; तेही त्या पोकळीच्या इतिहासाचा भाग आहे.

अल्ट्रासोनिक टाकीत तर सुया झडतातच. साधे पाणीसुद्धा धोक्याचे: वाळताना पृष्ठताण बारीक सुया एकमेकींकडे ओढतो आणि झुबका ओल्या केसांसारखा चिकटून बसतो. नळाचे पाणी असेल तर वर क्षारांचे पांढरे ठिपके. म्हणून रबरी फुग्याच्या पंपाने लांबूनच हलकी हवा मारावी. धुळीवर कॅमेरा साफ करायचा दाबलेल्या हवेचा कॅन मारू नका, त्याचा झोत फार जोराचा असतो. ब्रश फक्त खालच्या बेसाल्टला लावायचा.

पेटीत नमुना बेसाल्टच्या बाजूने फोममध्ये घट्ट बसवावा, सुयांना कापूस कधीही लावू नये. कापसाचे तंतू अडकतात आणि काढताना सुयाही सोबत येतात.