बॉर्डर बघायला जाताय? गाडी सांगतानाच सांगा

नागपुरातून आमच्या भाड्याच्या गाडीनं निघालेल्या बऱ्याच पार्ट्या वाटेत म्हणतात, "दादा, थोडं पुढं घ्या ना, राज्याच्या बॉर्डरवर एक फोटो काढून येऊ." हौस आम्हाला कळते. घोडं अडतं ते त्या 'थोडं पुढं'वर.

पहिली गोष्ट, वाघांचं जंगल बघायला जाताना नुसतं 'पेंच' म्हणू नका, गेटचं नाव सांगा. जंगल एकच, पण सिल्लारी गेट महाराष्ट्रात आणि तुरिया गेट मध्य प्रदेशात. सिल्लारीला मनसरच्या पुढे पवनीहून डावीकडे वळायचं. तुरियाला देवलापार ओलांडून खवाशाला, म्हणजे दुसऱ्या राज्यात. सफारीचं बुकिंग त्या-त्या गेटचंच असतं. गेल्या हिवाळ्यात एका कुटुंबानं फोनवर नुसतं 'पेंच' सांगितलं. आम्ही राज्यापुरता परवाना असलेली गाडी धाडली. पहाटे पवनीच्या वळणावर काकांनी कागद काढला, तर त्यावर तुरिया! ड्रायव्हर अंधारात मोबाइलवर परराज्याचा टॅक्स भरत बसला, रेंज येईना, आणि तिकडे सफारी सुटून गेली. निम्मी चूक आमची, आम्ही विचारायला हवं होतं. आता फोन घेतानाच विचारतो. त्याला कुणी 'चौकशा' म्हणतात, म्हणोत.

स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्याला हा ताप नाही. पिवळ्या पाटीच्या गाडीला मात्र परराज्यात शिरायचं तर परवाना आणि टॅक्स लागतो. आमच्या तीन गाड्यांना अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे. त्यांचं भाडं थोडं जास्त पडतं ते यामुळे.

आता, बॉर्डरवर दिसतं काय? खवाशाजवळ एक कमान, पाट्या, मराठीतून हिंदीत गेलेली ढाब्यांची नावं. रस्त्यावर रेघ नाही. तरी लोक एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभे राहतात. मला वाटतं, नकाशावर पाहिलेली गोष्ट पायाखाली लागते का, एवढंच माणसाला बघायचं असतं. नागपूरच्या झिरो माइलला तरी काय वेगळं आहे? चार घोडे, एक खांब, १९०७ सालचा मोजणीचा दगड. 'देशाचा मध्य' म्हणून सगळे फोटो काढतात. मुळात ती इंग्रजांच्या भूमापनाची खूण.

एकदा एका आजींनी खवाशाच्या अलीकडे गाडी थांबवायला लावली. माहेर सिवनीचं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत सिवनी आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानी आपलं नागपूर. आजींनी खाली उतरून दोन्हीकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "इथं तं काहीच नाही दिसून राहिलं ना बाप्पा!" आणि परत येऊन बसल्या. त्या दिवशी आमच्याकडे परवान्याची गाडी होती म्हणून आजी माहेरापर्यंत गेल्या.

एकाच दिवसात उरकणारी हौस असेल तर खवासा बरा. तीन राज्यं एकत्र बघायची असतील तर गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यात सोमनूरला चला. तिथे इंद्रावती गोदावरीला मिळते. एकीकडे महाराष्ट्र, बाकी दोन बाजूंना छत्तीसगड आणि तेलंगणा. दोन दिवस आणि एक मुक्काम धरा, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. पावसाळ्यात आम्ही ही ट्रिप घेत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. आणि तिथे खांब शोधू नका, सीमा पाण्यातून जाते. भिजली तरी चालेल अशी चप्पल घाला.