डी९० की डी७०००? फरक दिसतो तो सावलीत

सेकंडहँड डीएसएलआर घ्यायला निघालं की निकॉनचे हे दोन कॅमेरे हमखास शेजारी-शेजारी समोर येतात आणि गोंधळ उडतो. दोघांवर बहुधा तीच १८-१०५ एमएमची व्हीआर (हाताची थरथर सावरणारी) लेन्स लावलेली असते, ग्रिपवर तीच लाल खूण, मागे तोच ३ इंची स्क्रीन. रुंदी दोघांचीही १३२ मिलिमीटर, उंचीत फरक जेमतेम २ मिलिमीटरचा. डी९० आला ऑगस्ट २००८ मध्ये, डी७००० सप्टेंबर २०१० मध्ये. विकणारा सांगतो, ‘दोन्ही एकच, याला मेगापिक्सेल जास्त एवढंच.’ मेगापिक्सेल जास्त आहेत हे खरं, पण नुसत्या तेवढ्यासाठी कुणी जादा पैसे मोजू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आधी ओळखायची खूण. वरच्या डावीकडच्या मोड डायलकडे बघा. डी९० वर चेहरा, डोंगर, फूल, धावणारा माणूस अशी चित्रं असतात. डी७००० वर ती चित्रं जाऊन एकच ‘सीन’ उरलंय, त्याच्याजवळ यू१ आणि यू२ लिहिलेलं दिसतं आणि डायलच्या खाली आणखी एक गोल कडं आहे. त्यावरून एकेक फोटो की सलग बर्स्ट हे ठरवता येतं. यू१-यू२ मध्ये आपापली सेटिंग्ज साठवून ठेवता येतात, म्हणजे एकावर पक्षी आणि दुसऱ्यावर घरातले फोटो. एकदा सवय लागली की ही सोय सोडवत नाही.

आता मेगापिक्सेलचं बघू. डी९० चे १२.३, डी७००० चे १६.२. ऐकायला मोठी झेप वाटते. प्रत्यक्षात फोटोची रुंदी ४२८८ पिक्सेलवरून ४९२८ वर गेली, म्हणजे साधारण १५ टक्क्यांनी वाढली. १२ × १८ इंचांचा प्रिंट काढला तर डी९० कडून इंचाला २३८ पिक्सेल मिळतात आणि डी७००० कडून २७४. दोन्ही प्रिंट हातात दिले तर कुठला कुणाचा हे भल्याभल्यांना सांगता येणार नाही. लांबचा पक्षी काटछाट करून मोठा करायचा असेल तर थोडा उपयोग होतो, बाकी विसरून जा.

खरी झेप आहे ती सावलीत. आषाढातल्या वारीचं दृश्य घ्या. आभाळ पांढरंफटक, त्याखाली टोपी घातलेला, डोक्यावर छत्री धरलेला वारकरी, आणि चेहरा जवळजवळ काळा. चेहऱ्याचा प्रकाश धरून फोटो घेतला तर आभाळ कोरं पांढरं होतं, आणि ते मग कुठल्याच सॉफ्टवेअरमधून परत आणता येत नाही. म्हणून शहाणा फोटोग्राफर आभाळ सांभाळतो, चेहरा काळा राहू देतो, आणि घरी येऊन रॉ फाइलमधला (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमधला) चेहरा दोन-तीन स्टॉप वर उचलतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). इथे दोन्ही कॅमेऱ्यांचे रस्ते वेगळे होतात. डी९० च्या फाइलमध्ये चेहरा वर येतो तसे त्यात लाल-हिरवे ठिपकेही उगवतात, गालावरचा रंग मळकट होतो, दाढीचे खुंट आणि हे ठिपके, म्हणजे नॉइज, एकमेकांत मिसळून जातात. डी७००० ची फाइल तेवढीच उचलली तरी कातडीचा रंग कातडीसारखाच राहतो, कपाळावरचा बुक्का आणि गंधाची रेघही स्वच्छ दिसते.

यामागचं कारण साधं आहे. प्रत्येक सेन्सर प्रकाश मोजताना स्वतःची थोडी खरखर त्यात मिसळतो. उजेडाच्या भागात ती झाकली जाते. सावलीत मुळात प्रकाशच कमी, त्यामुळे उचलताना तीही सोबत वर येते. डी७००० च्या सेन्सरची ही खरखर कमी आयएसओला (आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशासाठीची संवेदनशीलता) फार कमी आहे. शिवाय त्याची रॉ फाइल १४ बिटची साठवता येते (बिट जास्त तेवढ्या छटांच्या पायऱ्या जास्त). डी९० ची १२ बिटच. सेन्सर तपासणाऱ्या डीएक्सओमार्कच्या मोजणीत डायनॅमिक रेंज (गडद सावलीपासून लख्ख उजेडापर्यंतचा आवाका) डी९० ची १२.५ स्टॉप आणि डी७००० ची १३.९ स्टॉप भरली. जवळजवळ दीड स्टॉप, आणि तोही नेमका अडचणीच्या जागी. मात्र हे सगळं रॉ काढणाऱ्यांसाठी. कॅमेऱ्यातून जेपेग काढून तसाच व्हॉट्सअॅपवर पाठवत असाल तर या फायद्यातला बराचसा भाग तुमच्या हाती लागतच नाही.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. सावलीत चांगला म्हणजे रात्रीही तेवढाच चांगला, असं नाही. डी९० चा आयएसओ ३२०० पर्यंत जातो आणि ताणून ६४०० पर्यंत. डी७००० चा ६४०० पर्यंत आणि ताणून २५६०० पर्यंत. हे आकडे बघून वाटतं की रात्रीच्या फोटोंत जमीन-अस्मानाचा फरक असेल. आयएसओ १६०० किंवा ३२०० ला काढलेले फोटो शेजारी ठेवले तर डी७००० थोडा सरस दिसतो, पण थोडाच. विसर्जनाच्या मिरवणुकीत १८-१०५ लेन्स एफ/५ वर (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं) अडकून पडली असेल, तर तिच्या जागी ५० एमएम एफ/१.८ लावल्याने जवळजवळ तीन स्टॉप प्रकाश वाढतो. बॉडी बदलून एवढं कधीच मिळणार नाही. रात्रीसाठी पैसे घालायचे तर ते लेन्समध्ये घालावेत.

त्याच ५० एमएमने भर उन्हात मात्र दोघांतला दुसरा फरक उघडा पडतो. डी९० चा मूळ आयएसओ २०० आणि शटर १/४००० सेकंदापर्यंत. स्वच्छ उन्हात एफ/१.८ वर फोटो घ्यायचा तर आयएसओ २०० ला शटर सुमारे १/१६००० लागतं, आणि ते त्याच्याकडे नाही. आयएसओ १०० ची ‘लो’ सेटिंग आहे, तरी १/८००० लागणारच. डी७००० चा मूळ आयएसओ १०० आणि शटर १/८०००, म्हणजे हिशेब अगदी काठावर बसतो. दुपारी अंगणात पोराचा फोटो मागचं सगळं धूसर करून काढायचा असेल, तर डी९० वर प्रकाश अडवणारा एनडी फिल्टर लावा किंवा अपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, बारीक करा. डी७००० वर तसाच निघतो.

फोकसची गोष्टही मोठी आहे. डी९० ला ११ फोकस पॉइंट, त्यातला क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) फक्त मधला एक. डी७००० ला ३९, त्यातले मधले ९ क्रॉस. स्थिर माणसाचा फोटो काढताना हे जाणवत नाही, मधला पॉइंट लावून काम होतं. भिगवणला पाण्यावरून उडणारा रोहित पक्षी पकडताना मात्र लगेच जाणवतं. पक्षी मधल्या पॉइंटवरून सरकला की डी९० शोधत बसतो. डी७००० शेजारच्या पॉइंटवर त्याला बऱ्याचदा धरून ठेवतो. वेगही सेकंदाला ४.५ वरून ६ फोटोंवर गेला. फक्त बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती जागा) लहान आहे, रॉमध्ये दहा-अकरा फोटोंनंतर डी७००० अडखळतो, म्हणून बटण उगाच दाबून धरू नये.

लेन्सच्या बाबतीत दोघंही भाग्यवान. दोघांच्या बॉडीत फोकसची मोटर आहे, त्यामुळे स्वस्तातली ५० एमएम एफ/१.८डी सारखी जुनी एएफ-डी लेन्स आपोआप फोकस होते. डी३१०० किंवा डी५१०० वर ती हातानेच फिरवावी लागते. पण त्याहून जुनी, हाताने फोकस करायची एआय लेन्स घरात वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्यासोबत पडून असेल, तर ती डी९० वर बसते खरी, पण कॅमेरा प्रकाश मोजत नाही. डी७००० मोजतो, लेन्सचे एमएम आणि अपर्चर मेनूत भरलं की झालं. नव्या बाजूलाही तसंच. पक्षी टिपणाऱ्यांची आवडती २००-५०० एमएम ही ‘ई’ प्रकारची, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर अपर्चर हलवणारी लेन्स आहे, आणि डी९० वरून तिचं अपर्चर बदलताच येत नाही. डी७००० वर ती नीट चालते. जंगलाची, पाणथळीची ओढ असेल तर एवढ्या एका कारणाने डी९० चा विचार सोडून द्यावा.

व्हिडिओचं थोडक्यात. व्हिडिओ काढणारा जगातला पहिला डीएसएलआर डी९०, हा मान त्याचा कायमचा. पण त्याचा व्हिडिओ ७२०पी, एका वेळी ५ मिनिटं, कॅमेरा झटकन फिरवला की उभे खांब तिरके होतात, बाहेरचा माइक लावायला जागाच नाही. डी७००० वर १०८०पी, २० मिनिटं आणि माइकचा जॅक आहे. आज यातल्या कुठल्याही कॅमेऱ्याने व्हिडिओ काढण्यापेक्षा खिशातला फोन बरा.

मग घ्यायचा कुठला? शिकायचं आहे, हात खर्चाने बांधलेले आहेत, बहुतेक फोटो दिवसा आणि माणसांचे काढायचे आहेत, तर डी९० घ्या आणि वाचलेल्या पैशातून ५० एमएम घ्या. यात तडजोड केल्यासारखं वाटू देऊ नका. चांगल्या प्रकाशात त्याचे रंग अजूनही देखणे येतात. रॉ काढून संपादन करत असाल, पक्ष्यांमागे फिरत असाल, लग्नाची छोटी कामं घेत असाल, तर डी७०००. लग्नात तर त्याचे दोन कार्ड-स्लॉट फार मोलाचे. तोच फोटो दोन्ही कार्डांवर उतरतो, आणि एक कार्ड दगावलं तरी मंगलाष्टकांचे फोटो हातचे जात नाहीत.

घेताना शटर किती वेळा चाललंय ते बघा. नुकत्याच काढलेल्या जेपेगच्या एक्झिफ माहितीत (फोटोसोबत साठवलेल्या तांत्रिक नोंदीत) तो आकडा सापडतो. डी९० चं शटर १ लाख वेळांसाठी तपासलेलं, डी७००० चं दीड लाखासाठी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेला कॅमेरा असेल तर लेन्समधून टॉर्च मारून बुरशी आहे का तेही बघा. डी९० ला ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं घ्या. त्याहून मोठी एसडीएक्ससी कार्डं त्याच्यासाठी नाहीत, डी७००० ला चालतात. डी७००० ची ईएन-ईएल१५ बॅटरी पुढे डी७५०, डी८५० आणि झेड६ पर्यंत त्याच घराण्यात राहिली, म्हणून ती मिळवणं सोपं जातं; डी९० च्या ईएन-ईएल३ई चं तसं नाही, तेव्हा जुनी बॅटरी किती टिकते ते दुकानातच विचारून घ्या. आणि एएफ-पी लिहिलेली लेन्स कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, ती या दोघांवरही फोकस होत नाही.