शिफारसपत्रापासून व्हिसापर्यंत : परदेशी शिक्षणाच्या तयारीची पार्श्वभूमी

परदेशात एखादं सत्र किंवा अख्खी पदवी करायचं ठरलं की कॉलेजच्या विद्यार्थ्यापुढे साधारण एकच यादी येते. पासपोर्ट, भाषेच्या परीक्षेचे गुण, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, गुणपत्रिका, एसओपी म्हणजे आपल्याला तिथे का शिकायचं आहे हे सांगणारं निवेदन, खर्चाची तरतूद दाखवणारे बँकेचे कागद, प्रवेशपत्र, विमा आणि शेवटी व्हिसा. वर्ष-दीड वर्ष आधीपासून या कागदांमागे धावावं लागतं, आणि धावताना ते सगळे एकाच साच्यातले, एकाच कंटाळ्याचे वाटतात. पण ही यादी कुणी एका बैठकीत तयार केलेली नाही. ती तेराशे-चौदाशे वर्षांत तुकड्यातुकड्यानं जमत गेली. मुळात प्रश्न एकच होता : इथे ज्याला कुणी ओळखत नाही, त्याची हमी कोण घेणार?

या प्रश्नाचं एक जुनं आणि तपशिलानं नोंदलेलं उत्तर ह्युएन त्संग या चिनी भिक्षूच्या प्रवासात सापडतं. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात तो चीनहून निघाला तेव्हा तांग दरबारानं सरहद्द ओलांडायला बंदी घातली होती. त्याच्याकडे परवाना नव्हता, त्यामुळे तो लपतछपत बाहेर पडला. वाटेतल्या गाओचांग राज्याच्या राजानं त्याला जवळजवळ अडकवूनच ठेवलं, आणि शेवटी सोडलं ते पूर्ण तयारीनिशी. पुढच्या २४ राज्यांच्या नावे पत्रं, प्रत्येक पत्रासोबत रेशमाचा तागा, डोंगरातल्या थंडीसाठी हातमोजे, बूट आणि तोंड झाकायची फडकी, घोडे, नोकर आणि वीस वर्षांच्या प्रवासाला पुरेल इतकं सोनं, चांदी, रेशीम. शिफारस, कपडे, खर्चाची सोय हे सगळं एका राजाच्या हातून झालं. असा राजा न भेटलेल्यांचं काय झालं, याच्या नोंदी अर्थातच फारशा उरलेल्या नाहीत.

नालंदाला पोचल्यावरही पत्रं पुरत नसत. तिथल्या वादसभांत भाग घ्यायला दूरवरून आलेल्यांना द्वारपालच अवघड प्रश्न विचारत. दहांतले सात-आठ जण तिथूनच परत जात, असं ह्युएन त्संगनं लिहून ठेवलं आहे.

त्याच्यानंतर काही दशकांनी इत्सिंग हा दुसरा चिनी भिक्षू आला, आणि तयारीच्या दृष्टीनं मला तो जास्त जवळचा वाटतो. ६७१ साली तो समुद्रमार्गे निघाला आणि सुमात्रा बेटावरच्या श्रीविजय इथे सुमारे सहा महिने थांबला. तिथे त्यानं संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला, मग पुढे निघाला. नालंदात तो दहा वर्षं शिकला. पुढे आपल्या लेखनात त्यानं नंतर येणाऱ्या भिक्षूंना स्पष्ट सल्ला दिला : थेट जाऊ नका, आधी श्रीविजयला एक-दोन वर्षं राहा, तिथले आचार-नियम अंगवळणी पाडा आणि मग पुढे जा. भाषा आणि रीत आधी, अभ्यास नंतर. विद्यापीठं आज प्रवेशाआधी भाषेचा वर्ग घ्यायला लावतात, त्यामागचा विचार हाच आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे.

पश्चिमेकडे बाराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याला कायदा शिकायला आल्प्सपलीकडून मुलं येऊ लागली. तिथली अडचण वेगळी होती. परक्या शहरात एखाद्या गावच्या व्यापाऱ्यानं कर्ज बुडवलं, तर त्याच गावच्या कुणाही माणसाला धरून ते वसूल करायची पद्धत होती. विद्यार्थी त्यात आयता सापडायचा. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं 'हबिता' या फर्मानानं ही वसुली विद्यार्थ्यांपुरती बंद केली, त्यांना प्रवासात संरक्षण दिलं आणि त्यांचा खटला त्यांच्या गुरूपुढे किंवा बिशपपुढे चालवायची मुभा दिली. परदेशी विद्यार्थी ही कायद्याच्या नजरेत एक वेगळी ओळख झाली ती इथे. आजच्या विद्यार्थी व्हिसाचं मूळ शोधायचं तर मी पासपोर्टच्याही मागे, या फर्मानापर्यंत जाईन.

तरी रोजचं संरक्षण सम्राटाकडून मिळत नव्हतं. ते मुलांनी स्वतः उभं केलं. बोलोन्यातली मूळची मुलं शहराची नागरिक होती, त्यांना हक्क होतेच. बाहेरून आलेल्यांना नव्हते, म्हणून त्यांनी आपापल्या प्रदेशाप्रमाणे गट बांधले. या गटांना 'राष्ट्रं' म्हणत. ती एकत्र येऊन जो संघ झाला, त्याचं नाव 'युनिव्हर्सितास'. म्हणजे ज्या शब्दावरून युनिव्हर्सिटी हे नाव आलं, तो शब्द बोलोन्यात परक्या विद्यार्थ्यांच्या संघटनेचा होता. हा संघ आपला प्रमुख, म्हणजे रेक्टर, निवडे, शिक्षकांशी करार करे, वेळेवर व्याख्यान सुरू न करणाऱ्याला दंडही करे. राहायच्या जागेचा प्रश्न तेव्हाही तसाच टोकदार होता. १२३१ मध्ये पोपनं पॅरिसच्या विद्यापीठाला दिलेल्या सनदेत खोल्यांचं भाडं ठरवण्याचा विषय येतो. पैशाचंही तेच. त्या काळच्या पत्रलेखनाच्या पुस्तकांत विद्यार्थ्यानं घरी पाठवायच्या पत्रांचे तयार नमुने असत, आणि त्यांतला सर्वांत आवडता विषय म्हणजे अभ्यास जोरात चालला आहे, फक्त पैसे संपले आहेत.

कैरोच्या अल-अझहर या जुन्या विद्यापीठात हेच काम 'रिवाक' करत. मगरिबी (वायव्य आफ्रिकेतली), सीरियाई, तुर्की अशा प्रत्येक प्रदेशाच्या मुलांसाठी राहण्याची वेगळी जागा असे. तिथली प्रमाणपत्राची रीतही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इस्लामी जगात 'इजाजा' देत असे तो गुरू, संस्था नव्हे. हा विद्यार्थी माझ्यापाशी अमुक ग्रंथ शिकला आणि तो आता शिकवू शकतो, असं एक माणूस आपल्या नावानिशी लिहून देई. आजच्या शिफारसपत्रात त्या पद्धतीचा अंश आहे. म्हणूनच शेवटच्या आठवड्यात घाईनं मागितलेलं, मुलाला नीट न ओळखणाऱ्याचं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं.

एकोणिसाव्या शतकात मुलांना परदेशी पाठवण्याचं काम सरकारांनी हाती घेतलं. १८२६ मध्ये इजिप्तहून पॅरिसला तुकडी गेली. १८७१ मध्ये जपानच्या इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली अमेरिकेला निघाल्या. सर्वांत लहान त्सुदा उमेको सहा वर्षांची होती. ती १८८२ मध्ये परतली तेव्हा तिला आपली मायबोलीच परत शिकावी लागली. पुढे १९०० मध्ये तिनं मुलींसाठी शाळा काढली, ती आज विद्यापीठ आहे. परतीची तयारीही करावी लागते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

चीनची मोहीम या सगळ्यांत जास्त विचारपूर्वक आखलेली होती. १८५४ मध्ये येलमधून पदवी घेतलेल्या युंग विंगच्या पुढाकारानं १८७२ पासून चार वर्षांत १२० मुलगे अमेरिकेला गेले. आधी शांघायमध्ये तयारीची शाळा. तिकडे राहायला स्थानिक कुटुंबं. सोबत चिनी अभ्यासही चालूच. मुदत पंधरा वर्षांची, आणि जाण्यापूर्वी पालकांची सही घेतलेली : मुलगा आजारी पडला, दगावला तर सरकार जबाबदार नाही. आज पालकांच्या संमतीपत्रावरची बारीक अक्षरातली कलमं वाचताना मला हा कागद आठवतो. १८८१ मध्ये, मुदत संपायला बरीच वर्षं शिल्लक असताना, सगळ्यांना परत बोलावलं. मुलं फार अमेरिकी झाली अशी दरबारात ओरड होती, आणि सैनिकी अकादम्यांत त्यांना प्रवेश द्यायला अमेरिकेनं नकार दिला होता. बहुतेकांचं शिक्षण अर्ध्यावर तुटलं. आखणी चांगली असूनही ज्याच्या हमीवर मुलं गेली होती त्यानंच हात काढून घेतला.

याच सुमारास, कुठल्याही सरकारचा आधार नसताना, आनंदीबाई जोशी निघाल्या. त्यांची तयारी पत्रांवर उभी होती. त्यांचे पती गोपाळराव यांचं एक पत्र अमेरिकेतल्या मिशनरी मासिकात छापलं गेलं, ते न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या वाचनात आलं, आणि त्यांनी न पाहिलेल्या मुलीला लिहायला सुरुवात केली. १८८३ मध्ये निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी सेरामपूर कॉलेजात भाषण केलं. अमेरिकेलाच का, एकटी का, इथे शिकण्याची सोय नाही का, परत आल्यावर समाज वाळीत टाकेल त्याचं काय, अशा प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिलं. वय अठराच्या आसपास. एसओपी लिहायला बसलेल्या कुणीही ते भाषण वाचावं. त्यात स्वतःची बढाई नाही, फक्त कारणं आहेत. १८८६ मध्ये त्यांना फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळाली. मायदेशी परतल्यावर लवकरच, १८८७ च्या फेब्रुवारीत, क्षयानं त्या गेल्या. आरोग्यतपासणी आणि विमा या आज रुक्ष वाटणाऱ्या ओळी मला त्यांच्या आठवणीशिवाय वाचता येत नाहीत.

पासपोर्ट मात्र तुलनेनं नवा. पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बऱ्याच ठिकाणी त्याच्याशिवाय फिरता येई. युद्धानं तपासणी आणली, आणि युद्ध संपल्यावरही ती गेली नाही. १९२० मध्ये पॅरिसच्या परिषदेत पासपोर्टच्या पुस्तिकेचा समान नमुना ठरला. लगेच १९२१ मध्ये अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्यांवर देशवार कोटा लावला. आपल्या देशाचा कोटा भरला म्हणून कॉलेजला निघालेली मुलंही अडकू लागली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन या अमेरिकी संस्थेनं त्यांच्यासाठी खटपट केली, आणि १९२४ च्या कायद्यात विद्यार्थ्यांना कोट्याबाहेर ठेवलं गेलं. अट अशी की येणाऱ्याचा हेतू फक्त शिक्षणाचा असावा आणि संस्था सरकारमान्य असावी. आधी प्रवेश, मग व्हिसा हा क्रम या अटीतून पक्का झाला. हमी घेणारा आता राजा किंवा गुरू राहिला नाही, विद्यापीठ झालं.

आपल्याच कॉलेजचे विद्यार्थी राहून एक वर्ष बाहेर शिकायचं आणि ते वर्ष पदवीत मोजायचं, ही कल्पना १९२३ मधली. अमेरिकेच्या डेलावेअर विद्यापीठातले तरुण प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड पहिल्या महायुद्धात लढले होते. त्यांनी योजना मांडली, पण तिला विद्यापीठाच्या तिजोरीतून पैसा मिळेना, तेव्हा खाजगी देणग्या जमवल्या. जुलैमध्ये आठ मुलगे त्यांच्यासोबत 'रोशांबो' जहाजावरून फ्रान्सला निघाले. उन्हाळाभर नान्सी शहरात नुसती भाषा, मग पॅरिस आणि तिथलं सॉर्बोन विद्यापीठ, राहायला फ्रेंच कुटुंबांत. इत्सिंगचा सल्ला बाराशे वर्षांनी दुसऱ्या खंडात, त्याचं नावही न ऐकलेल्या माणसानं अमलात आणला. आजचे बहुतेक सत्रभराचे कार्यक्रम याच आराखड्यावर चालतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर पैशाचा प्रश्न अनपेक्षित वाटेनं थोडा सुटला. १९४६ च्या अमेरिकेतल्या फुलब्राइट कायद्यानं परदेशात पडून राहिलेली लष्करी सामग्री विकून आलेला पैसा देवाणघेवाणीच्या शिष्यवृत्त्यांकडे वळवला. मोठ्या संख्येनं मुलं येऊ-जाऊ लागल्यावर ती तिथे राहतात कशी, याचाही अभ्यास सुरू झाला. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइटधारकांना गाठलं. १९५५ मध्ये त्यांनी मांडलं की सुरुवातीचे महिने बरे जातात, सहा ते अठरा महिन्यांच्या टप्प्यातले लोक सर्वांत अस्वस्थ असतात, आणि पुढे पुन्हा जम बसतो. नंतरच्या अभ्यासांनी हा आलेख सगळ्यांना लागू पडत नाही असं दाखवलं, तरी त्यामुळे निघण्यापूर्वीच्या मार्गदर्शनात मनाच्या तयारीला जागा मिळाली. मला हे फार मोलाचं वाटतं. घरची आठवण येणं हा आपला कमकुवतपणा आहे असं समजून गप्प बसलेली मुलं त्याआधीही असणारच.

भाषेच्या परीक्षा एव्हाना रुळत होत्या. केंब्रिजनं १९१३ मध्ये इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा घेतली तेव्हा तीन जण बसले आणि तिघेही नापास झाले. टोफेल १९६४ मध्ये आली, आयईएलटीएस १९८९ मध्ये.

राहिला बाहेर शिकलेलं मायदेशी मान्य होण्याचा प्रश्न, आणि तो एका अपमानातून पुढे सरकला. सोफिया कोराडी ही रोममध्ये कायदा शिकणारी मुलगी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली, १९५८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन परतली. तिच्या विद्यापीठाच्या कार्यालयानं ती पदवी धुडकावली, वर तुम्ही सहलीला गेला होतात असा सूर लावला. त्यांनी पुढची जवळजवळ तीस वर्षं हा एकच विषय लावून धरला. १९८७ मध्ये युरोपात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरास्मस योजना सुरू झाली, पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. १९८९ पासून क्रेडिटची समान मोजणी आली, पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट. जाण्याआधी दोन्ही विद्यापीठं आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सहीचा अभ्यासकरार त्यातूनच रुजला. कुठले विषय घेणार आणि परत आल्यावर ते कशाच्या बदल्यात धरले जाणार, हे निघण्यापूर्वी लिहून घ्यावं असं सगळे सांगतात. ते कशापायी, हे कोराडींच्या त्या दिवसावरून कळतं. १९९७ च्या लिस्बन करारानं आणखी एक गोष्ट उलटवली. परदेशी पात्रता नाकारायची तर तिच्यात मोठा फरक आहे हे संस्थेनं दाखवायचं, विद्यार्थ्यानं स्वतःला सिद्ध करत बसायचं नाही.

या शतकाच्या सुरुवातीला जगात परदेशी शिकणारे सुमारे २० लाख होते, आता ६० लाखांहून जास्त आहेत. २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेनं परदेशी विद्यार्थ्यांची नोंद संगणकावर ठेवणं सक्तीचं केलं, इतर देशांतही तपासणी कडक झाली. कागद वाढले.

पण ज्यांच्याकडे कागदच उरले नाहीत, अशीही मुलं आहेत. युद्धातून निसटताना गुणपत्रिका सोबत घेता येत नाही, आणि जाळलेल्या विद्यापीठाकडून दुसरी प्रत मिळत नाही. लिस्बन करारात त्यांच्यासाठी कलम होतं, तरी प्रत्यक्षात काही करायला २०१७ उजाडलं. त्या वर्षी युरोप परिषदेनं ग्रीसमध्ये निर्वासितांसाठी पात्रता-पासपोर्टची सुरुवात केली. असतील ते कागद पाहायचे, आणि मग त्या विषयातले जाणकार समोर बसून विचारतात : काय शिकलात, कुणाकडे, कुठले विषय होते, प्रयोगशाळेत काय केलंत. उत्तरं पटली की पाच वर्षांचं पत्र मिळतं. नालंदाच्या दारात उभा असलेला द्वारपालही असेच प्रश्न विचारत होता.