शनिवारवाड्यातली ती हाक आपल्याला का ऐकू येते

पुण्यात सुट्टीला मामाकडे आलेल्या जवळपास प्रत्येक पोराला ही गोष्ट कोणीतरी सांगितलेली असते, की पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून आवाज येतो, "काका, मला वाचवा". मला मावसभावाने सांगितली होती, गच्चीवर, लाईट गेलेली असताना, आणि त्यानंतर दोन-तीन रात्री मी तो आवाज खरंच ऐकला होता. त्यामुळे ज्यांना तो ऐकू आलाय त्यांना वेड्यात काढणं मला अजिबात पटत नाही. त्यांना काहीतरी ऐकू आलं हे नक्की. ते नेमकं काय होतं आणि त्यात वाड्याचा वाटा किती नि आपल्या डोक्याचा किती, हे शोधण्यासारखं आहे आणि त्याबद्दल बरंच काही माहितीसुद्धा आहे.

आधी इतिहास, कारण तो नीट पाहिला तर अर्ध्या गोष्टी तिथेच सुटतात. पहिल्या बाजीरावांनी वाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 ला घातला, शनिवार होता म्हणून शनिवारवाडा. जुन्नरच्या जंगलातलं सागवान, चिंचवडचा दगड, जेजुरीचा चुना. पुढे 30 ऑगस्ट 1773 ला, ऐन गणपतीत, अवघ्या 18 वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी वाड्यातच गाठलं, ते पळत काका रघुनाथरावांकडे गेले, त्यांना मिठी मारली, आणि तिथेच गारद्यांनी नारायणरावांना मारलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवलं. हे सगळं खरं आहे, आणि कुठल्याही भुताच्या गोष्टीपेक्षा भयंकर आहे.

पण बघा, हा खून दिवसाढवळ्या झाला. आणि तिथी होती भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. म्हणजे पौर्णिमाही नाही आणि रात्रही नाही. शिवाय ज्या दालनांमधून नारायणराव पळाले ती आता अस्तित्वातच नाहीत, 27 फेब्रुवारी 1828 ला लागलेल्या आगीत आतला सगळा लाकडी भाग जळून गेला, आग सात दिवस धुमसत होती म्हणतात. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. मग पौर्णिमा आणि रात्र आली कुठून? माझं मत विचाराल तर ऐकणाऱ्यांच्या सोयीने आली, कारण रात्री कान आणि डोळे दोन्ही वेगळ्या पद्धतीने काम करतात.

आवाजाचं बघू. दिवसा जमीन तापलेली असते, जमिनीजवळची हवा गरम आणि वरची थंड. गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो, एका अंशाला सेकंदाला साधारण 0.6 मीटर एवढा फरक पडतो, त्यामुळे दिवसा आवाजाच्या लाटा वर वळतात आणि लांबचं ऐकू येत नाही. आकाश निरभ्र असेल तर रात्री जमीन पटकन थंड होते आणि हे सगळं उलटं होतं, खाली थंड वर गरम, मग लाटा परत खाली वळतात आणि नदीपलीकडचं कोणाचं तरी ओरडणं, लांबच्या रस्त्यावरचा ब्रेक, कुठल्यातरी मांडवातली हाक जवळून आल्यासारखी वाटते. त्यात ट्रॅफिक कमी झालेलं, म्हणजे पार्श्वभूमीचा गोंगाटही नाही. आणि चांदणं लख्ख दिसतंय याचा अर्थच आकाश मोकळं आहे. म्हणजे पौर्णिमेचा यात काहीतरी हात आहे, फक्त आपण समजतो तसा नाही.

वर घुबडं आहेत. जुन्या तटाबुरुजांच्या कोनाड्यांत राहायला आवडतं अशा पक्ष्यांत गव्हाणी घुबड पहिलं, आणि ते घूघू करत नाही, ते चक्क किंचाळतं, घोगरं आणि लांबलचक. ज्याने ते कधी ऐकलं नाही त्याला ते पक्ष्याचं आहे असं सांगूनही खरं वाटत नाही. रात्री भांडणारी मांजरं तर लहान मुलाच्या रडण्यासारखा आवाज काढतात हे आपल्या सगळ्यांच्या गल्लीत सिद्ध झालेलं आहे.

पण घुबड "काका" म्हणत नाही. शब्द कुठून येतात, हा या सगळ्यातला मला सर्वात आवडणारा भाग. 1981 साली अमेरिकेत रॉबर्ट रेमेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, माणसाचं एक साधं वाक्य घेतलं आणि त्यातलं सगळं काढून फक्त तीन वर-खाली होणाऱ्या शिट्ट्या ठेवल्या. ते ऐकवलं तर बहुतेकांना शिट्ट्या, पक्षी, कॉम्प्युटरचे बीप असलं काहीतरी वाटलं. मग सांगितलं की हे बोलणं आहे, तर त्याच शिट्ट्यांमधून अनेकांना वाक्य ऐकू यायला लागलं. आवाज तोच, कान तेच, बदललं ते एवढंच की आता काय शोधायचं ते मेंदूला माहीत झालं. तुम्ही ऐकून पाहिलं तर एकदा वाक्य कळल्यावर ते परत नुसत्या शिट्ट्या म्हणून ऐकताच येत नाही.

याच्याही पुढचा प्रयोग म्हणजे लोकांना नुसती खरखर ऐकवली, जुन्या रेडिओवर स्टेशन न लागल्यावर येते तशी, आणि सांगितलं की यात अधूनमधून एक ओळखीचं गाणं अगदी हळू लागेल, ऐकू आलं की बटण दाबा. गाणं लावलंच नव्हतं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जवळपास एक तृतीयांश विद्यार्थ्यांनी बटण दाबलं, आणि ही सगळी चांगली धडधाकट मुलं होती.

डोळ्यांचंही तसंच. अंधारात बघण्याचं काम डोळ्यातल्या ज्या पेशी करतात त्या पडद्याच्या अगदी मध्यभागी नसतातच, त्या कडेला जास्त असतात. त्यामुळे कमी उजेडात एखादी पुसट गोष्ट कडेने दिसते, आपण झटकन मान वळवून थेट बघितलं की गायब. "सावली दिसली आणि बघेपर्यंत नाहीशी झाली" असं सांगणारा माणूस त्याच्या डोळ्याने जे केलं तेच प्रामाणिकपणे सांगत असतो.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. भुतांच्या वैज्ञानिक स्पष्टीकरणात हल्ली सगळे इन्फ्रासाउंड घुसवतात, म्हणजे कानाला ऐकू न येणारा खोल कंप. त्याचं मूळ म्हणजे विक टँडी नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरला प्रयोगशाळेत दिसलेली करडी आकृती, तिचा संबंध त्याने पंख्यामुळे तयार होणाऱ्या साधारण 19 हर्ट्झच्या कंपाशी जोडला आणि 1998 मध्ये ते छापलं. गोष्ट मस्त आहे. पण लंडनमध्ये क्रिस फ्रेंच यांच्या टीमने मुद्दाम एक खोली बनवून 79 लोकांना त्यात सोडलं, कधी इन्फ्रासाउंड चालू कधी बंद, 2009 मध्ये निकाल आले, तर विचित्र अनुभव भरपूर लोकांना आले पण कंप चालू असण्याशी त्याचा संबंध दिसला नाही. इथे काहीतरी होऊ शकतं असं आधीच सांगितलेलं होतं, तेवढं पुरलं असावं. शनिवारवाडा तर वरून उघडा आहे, तिथे बंद खोलीतलं स्पष्टीकरण चिकटवणं म्हणजे एका अंधश्रद्धेच्या जागी दुसरी आणून ठेवणं.

जागेचा मात्र हात असतोच. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आठव्या हेन्रीची पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड गॅलरीतून किंचाळत धावते अशी दंतकथा आहे, राजाकडे जीव मागायला धावणारी तरुण राणी, आपल्या गोष्टीशी इतकी मिळतीजुळती की अंगावर काटा येतो. 1542 मध्ये तिचा शिरच्छेद झाला. तिथे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांच्या टीमने शेकडो लोकांना फिरवून अनुभव नोंदवले, ते 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. भुतं मानणाऱ्यांना जास्त अनुभव आले, हे अपेक्षितच. पण अनुभव ठरावीक जागांवरच जास्त आले, आणि या जागा झपाटलेल्या मानतात हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही तिथेच आले. त्याच अभ्यासात एडिंबरामधल्या जुन्या तळघरांत तर खोली किती मोठी, छत किती उंच आणि बाहेर उजेड किती यांच्याशी त्याचा संबंध सापडला. म्हणजे अस्वस्थपणा जागा देते, आणि त्याला नाव-गाव-वाक्य गोष्ट देते, असं मला यातून दिसतं.

शनिवारवाड्याच्या बाबतीत याचा पुरावा इतिहासातच आहे. त्या दिवशी नारायणराव एकटे गेले नाहीत. चाफाजी टिळेकर नावाचा त्यांचा सेवक त्यांना वाचवायला अंगावर आडवा पडला आणि तिथेच मारला गेला. इच्छारामपंत ढेरे मारले गेले, इतरही नोकरमाणसं मारली गेली. तेही ओरडले असणार, त्यांनीही कोणाला तरी हाक मारली असणार. पण पौर्णिमेच्या रात्री वाड्याबाहेर चाफाजीचा आवाज ऐकला असं सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, कारण चाफाजी काय ओरडला ते गच्चीवर लाईट गेल्यावर आपल्याला कोणी सांगितलेलंच नाही.